चुकांची वही

ही वही कोणाच्या हाती पडलीच तर आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, आणि हातात पुन्हा पेन्सिल आली ती एकदम पस्तिसाव्या वर्षी. ती पण एका विचित्र माणसाने दिली म्हणून. त्याच माणसाबद्दल लिहायचं आहे. सगळे त्यांना सर म्हणत, मीही तेच लिहिते.

सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं. आमच्या गावात मॅडम म्हणजे दवाखान्यातली नर्स, नाहीतर पंचायत समितीतून जीपने येणारी. मी टोपल्यात गिट्टी भरत होते, हात कोपरापर्यंत मळलेले. मागून आवाज आला, "मॅडम, हा वाफा तुमचा का?" मी वळून माझ्या मागे पाहिलं. मागे नुसतं कुंपण होतं. शेवटी आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाई तिकडून ओरडल्या, "तुलेच इचारून राह्यले ते. हो म्हण ना वं, का वाफा बोलन?"

मी मान हलवली. मला लोकांशी बोलताना घशात काहीतरी अडकतं, लहानपणापासूनच. माणसं समजतात घमेंडी आहे. सरांनी तसं समजलं नाही. त्यांनी माझ्या वाफ्याशेजारी बसून घेतलं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टाक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेवर ठेवलं. डोळे मिटून चव घेतली, मग थुंकले.

"पाणी अजून तयार नाही झालं," ते त्यांच्या विद्यार्थ्यांना म्हणाले.

आम्ही बाया एकमेकींकडे पाहत राहिलो. अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "मासोयाच्या मुताचं पाणी चाखलं बाप्पा या माणसानं."

आता टाक्याचं सांगते. आमचं गाव आरमोरीकडचं, धानाचं. निम्मी घरं ढिवरांची. आम्ही तलावावर आणि नदीवर मासे धरून जगलो. समाजमंदिराच्या मागे गटाची परसबाग आहे. तिथे एका संस्थेने सिमेंटचं टाकं बांधून दिलं होतं आणि त्याच्या काठाने गिट्टीचे तीन वाफे. टाक्यात मासे. माशांनी घाण केलेलं पाणी पंपाने वाफ्यात चढवायचं. गिट्टीतली भाजी ती घाण खाणार, आणि निवळलेलं पाणी परत खाली टाक्यात पडणार. माती नाही, खत नाही. एक हंगाम चाललं. मग लोडशेडिंग वाढलं, पंप बंद पडू लागला, मासे तडफडून मेले आणि संस्थेची जीप यायची थांबली. दोन वर्षं तिथे बेडूक राहत होते.

मग गडचिरोलीच्या एका कॉलेजातून सर आले. सोबत चार विद्यार्थी, तीन मुलं आणि एक बारीक अंगाची, लांब वेणीची मुलगी. मुलांचा प्रकल्प होता. हे टाकं सुधारायचं, कसं सुधारलं ते लिहायचं, त्यावर त्यांना मार्क. ती मुलं त्याला अॅक्वापोनिक्स म्हणत. मला तो शब्द अजूनही एका दमात म्हणता येत नाही. दर शनिवारी मुलं एसटीने यायची आणि सर स्कूटरवर, पाठीला पाइपांचा भारा बांधून. दुरून वाटायचं धनुष्यबाण घेऊन कोणी येत आहे.

या वेळी माशांची पिल्लं, खाद्य आणि पाइप गटाच्या पैशांनी घ्यायचे, असा हट्ट सरांनीच धरला. बत्तीसशे रुपये लागले. अध्यक्षबाईंनी विचारलं, "सरकार देत नाई का?" सर म्हणाले, "देते. पण फुकटचा मासा मेला तर कोणी रडत नाही."

सर कोणाच्या घरी चहा पीत नसत. "काम पूर्ण झालं की पिईन," म्हणायचे. काम कधी पूर्ण व्हायचंच नाही. एखादी गोष्ट नीट चालली की त्यांचा चेहरा पडायचा. एकदा मुलांनी मोठ्या मेहनतीने पाण्याची नळी बसवली, वाफा भरला की पाणी आपोआप खाली उतरू लागलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "चाललं? पहिल्याच वेळी? मग आता शिकणार काय?"

आणि ही वही. समाजमंदिराच्या खांबाला खिळा मारून त्यांनी ती दोरीने टांगली होती, सोबत पेन्सिल. नियम एकच. बागेत जो काम करील त्याने आपली चूक लिहायची. बरोबर केलेलं लिहायचं नाही. खोटी चूक लिहायची नाही. सर स्वतःही लिहायचे. आजही पहिल्या पानांवर आहे: 'आज मुलांवर ओरडलो. पाना हरवला म्हणून. पाना माझ्याच खिशात होता.' एका मुलाचं आहे: 'नळी उलटी लावली, वर सरांशी वाद घातला.' अध्यक्षबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "माह्या नावानं लिव, लगन केलं." सरांनी ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बागेतली चूक पाहिजे, मॅडम." बाया पोट धरधरून हसल्या.

मला लिहायची लाज वाटायची. सर म्हणाले, "अक्षर वाईट असलं तर चालते. लिहिलेलं खरं पाहिजे." मग मी लिहिलं: 'पाणी घालाला इसरली.' शाळा सुटल्यावर मी लिहिलेलं आणि कोणी वाचलेलं ते पहिलं वाक्य.

बादलीची गोष्ट मी कधी विसरणार नाही. लोडशेडिंगमध्ये काय करायचं यावर मुलं भांडत होती. एक म्हणाला, सहा तासांनी काय होते, मासे तेवढं सहन करतात. सरांनी बादली भरून आणली, मांडी घालून बसले, नाक धरलं आणि तोंड पाण्यात घातलं. आम्हाला वाटलं तोंड धुतात. ते वर येईनात. त्यांची मान लाल झाली, कानामागच्या शिरा फुगल्या. मुलं नुसती उभी. अध्यक्षबाई धावल्या आणि त्यांनी कॉलर धरून सरांना ओढून काढलं.

"मरता का भाऊ? इथी पोलीस आले तं काय सांगाचं आम्ही?"

सरांना श्वास लागला होता. त्यांनी हाताने इशारा करून मुलाला विचारलं, किती झालं?

"मिनिट झालं, सर. थोडं जास्तच."

"आणि लोडशेडिंग किती?"

"सहा तास."

सरांनी रुमालाने तोंड पुसलं आणि पाइप बांधून निघून गेले. पुढच्या शनिवारी मुलांनी भंगारातून एक सायकल आणली. मागच्या चाकाचा टायर काढून त्यावर रबराच्या चकत्या ओवलेली दोरी चढवली. पायडल मारलं की पाणी वरच्या ड्रममध्ये चढायचं आणि ड्रममधून दिवसभर वाफ्यात झिरपायचं. वीज असो नसो. आमच्या पाळ्या लागल्या. सगळ्या हसायच्या. जी सायकलवर बसेल तिला विचारायच्या, "कुठी चालली वं?" आणि ती म्हणायची, "आरमोरीले, बजाराले."

मी दुपारची पाळी मागून घेतली, तेव्हा तिथे कोणी नसायचं. मी कधी सायकलवर बसले नव्हते. लुगड्याचा काठ खोचून मी पायडल मारायची आणि मनात गावंच्या गावं मागे टाकायची. त्या दिवसांत माझा नवरा आलापल्लीच्या डेपोत लाकडं भरायला जायचा, महिना महिना तिकडेच. तो गिट्टीचा वाफा ही माझ्या नावाची पहिली वस्तू होती. त्यावर पाटी होती, खडूने माझं नाव लिहिलेली.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

माझ्या वाफ्यातली वांगी पिवळी पडू लागली. शेजारच्या वाफ्यातले टमाटे हिरवेगार आणि माझी वांगी कावीळ झाल्यासारखी. पुढच्या शनिवारी सर बघणार, मुलं लिहून घेणार. मी सरांना विचारायला हवं होतं. दोन शनिवार मी वाक्य मनात जुळवलं आणि दोन्ही वेळा ते घशातच राहिलं. शेवटी एका शुक्रवारी, दुपारच्या पाळीला, मी घरून मोहाच्या बियांची ढेप आणली. आमच्याकडे मोहाचं तेल काढतात आणि उरलेली ढेप भाजीच्या मुळाशी घालतात. कीड मरते, झाड काळंभोर होते. माझ्या सासूने घातली, तिच्या सासूने घातली. मी अर्धी टोपली कुटून गिट्टीत मुळांजवळ दाबली. मग सायकलवर बसून पाणी चढवलं, रोजच्यापेक्षा जास्त.

माझा बाप ढिवर होता. उन्हाळ्यात नदी आटली की तो उरलेल्या डबक्यात हीच ढेप कालवायचा. पाण्याला साबणासारखा फेस यायचा आणि घटकाभरात मासे गुंगून वर यायचे. मी लहानपणी ते मासे टोपलीत वेचले आहेत. ढेपेने मासा मरतो हे मला ठाऊक होतं, जसं आगीने भाजतं हे ठाऊक असतं. पण ती डबक्याची गोष्ट होती. मुलांनीही सांगितलं होतं, टाक्यात काही टाकायचं नाही. मी टाक्यात काही टाकलं नव्हतं. मी वाफ्यात टाकलं. वाफा म्हणजे जमीन, टाकं म्हणजे पाणी, असंच माझ्या डोक्यात होतं. त्या वाफ्याला जमीनच नाही, तेही तलावच आहे, हे रोज पायडल मारून मला कळलं नाही.

शनिवारी सकाळी मी पाणी भरून परत येत होते. बागेजवळ बाया जमल्या होत्या. मी कुंपणावरून पाहिलं. टाकं पांढरं दिसत होतं. आधी वाटलं ऊन पडलं आहे. मग दिसलं की ती पोटं आहेत. हातभर झालेले रोहू, सगळे उलटे, आणि त्यांच्या मधून फेस.

तो फेस पाहिला आणि मला सगळं कळलं. डोक्यावरची पाण्याची गुंडी कशी उतरवली आठवत नाही. माझ्या बापाचं डबकं माझ्यासमोर होतं.

मुलं आली. ती वेणीवाली मुलगी टाक्याकडे बघून मटकन खाली बसली. ती आदल्या दिवशी सकाळी एकटीच आली होती आणि वरचा ड्रम धुऊन गेली होती. तिने कोणाला काही विचारलं नाही. उठून खांबाजवळ गेली आणि वहीत लिहिलं. मी नंतर वाचलं: 'ड्रम साबणाने धुतला. नीट खंगाळला नाही. सगळे मासे माझ्यामुळे मेले.'

मी दहा पावलांवर होते. ती चूक लिहिते आहे हे मला दिसत होतं. मी तोंड उघडलं असतं तर ते पान कोरं राहिलं असतं. मी पदराचं टोक दातात धरून उभी राहिले.

सर सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी स्कूटर लावली, भारा सोडला, टाक्याजवळ बसले आणि नेहमीसारखं पाणी जिभेवर घेतलं.

"थुका ना भाऊ," अध्यक्षबाई म्हणाल्या. "जहर हाय ते."

सर थुंकले. "कडू आहे," एवढंच म्हणाले. मग एकेका वाफ्याजवळ बसत गेले. माझ्या वाफ्याशी त्यांनी गिट्टीत दोन बोटं घातली, वास घेतला, बोटं पॅन्टला पुसली. वर पाहिलं नाही. ते उठून वहीकडे गेले, मुलीने लिहिलेलं वाचलं आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"खोटी चूक लिहायची नाही असं सांगितलं होतं," ते तिला म्हणाले. "साबण असा लागत नाही." ती रडायला लागली. सर तिला समजवायला गेले नाहीत, फावडं घेऊन खड्डा खणायला लागले.

फेस साबणाचा नाहीतर कसल्या औषधाचा असेल असं समजून गावाने ठरवलं, मासे जहराचे आहेत, पुरून टाका. ढेपेने मेलेला मासा खाता येतो. सगळ्या बायांमध्ये ते मासे कशाने मेले आणि ते खाऊन काही होत नाही हे मला एकटीला ठाऊक होतं. ज्यांच्या घरी आठवड्याला एकदा मासा शिजतो त्या बाया टोपल्यांनी रोहू खड्ड्यात ओतत होत्या. मीही ओतत होते. शेवटी सरांनी एक मोठा रोहू उचलला, पळसाच्या पानांत गुंडाळला आणि स्कूटरच्या डिक्कीत ठेवला. मुलांना वाटलं तपासणीसाठी नेत असतील.

पुढच्या शनिवारी गटाची बैठक बसली. बाया तापल्या होत्या. कोणी म्हणे पोरीने केलं, तिच्या बापाकडून भरून घ्या. सर उभे राहिले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "टाक्यात काही टाकू नका असं मी सांगायला लावलं. टाकं आणि वाफा एकच आहे हे सांगायला पाहिजे होतं. ते मला इतकं उघड वाटलं की सांगितलंच नाही. शिकवणाऱ्याची यापेक्षा मोठी चूक नाही."

"पर टाकलं कोनं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ते ज्याने त्याने वहीत लिहायचं. मी माझं लिहिलं."

त्यांनी खिशातून सोळाशे रुपये काढून ठेवले आणि उरलेले पुढच्या शनिवारी आणतो म्हणाले. बाया भांडायला आल्या होत्या आणि भांडायला समोर कोणी उरलं नव्हतं.

बैठक उठली. मी गोणपाटं गोळा करत होते. सर माझ्याजवळून जाताना थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, रोहू गोड लागला."

मी वर पाहिलं तोवर ते पुढे गेले होते. माझ्या हातातली गोणपाटं खाली पडली. ज्या माशाला सारं गाव जहर म्हणत होतं तो त्यांनी घरी नेऊन शिजवून खाल्ला होता. ढेप आहे याची त्यांना इतकी खात्री होती. कोणाच्या घरची, तेही ठाऊक होतं. आणि त्यांनी बैठकीत माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या शनिवारी ते उरलेले सोळाशे घेऊन आले. पाठीवर पाइपांचा भारा तसाच होता, पण ते एसटीतून उतरले. नंतर मी ती स्कूटर कधीच पाहिली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "तिच्यापेक्षा एसटी बरी, पंक्चर झाली तर मी जबाबदार नाही."

गटाने नवी पिल्लं सोडली. मुलांनी प्रत्येक वाफ्यावर लाल रंगाने लिहिलं, 'हेसुद्धा टाकंच आहे.' उन्हाळ्याआधी मासे विकले गेले, प्रकल्प संपला. शेवटच्या दिवशी सरांनी खांबावरची वही काढून माझ्या हातात दिली. "मॅडम, तुमच्याकडे ठेवा. बरीच पानं शिल्लक आहेत." ती कोरी पानं माझ्याने बघवत नव्हती. मी वही धानाच्या कोठीत खाली दाबून ठेवली.

दोन उन्हाळे मी मोह वेचला, तेंदूपत्ता तोडला. घरचं भागवून जे उरेल ते डब्यात. बत्तीसशे झाले त्या दिवशी मी कोठीतून वही काढली आणि लिहिलं: 'शुक्रवारी वाफ्यात ढेप मी टाकली. विचारलं नाही.' मग गटाच्या बैठकीत गेले. मी उभी राहिले तसं सगळ्या माझ्याकडे वळल्या, कारण मी कधी उभी राहत नाही. मी वहीतलं वाचून दाखवलं. आवाज इतका लहान निघाला की अध्यक्षबाईंनी पुन्हा वाचायला लावलं.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन वर्स पोटात ठेवलं? पोट नाई दुखलं तुहं?"

"दुखलं," मी म्हणाले.

"आता उशिराचा दंड भर. बैठकीत उशिरा येनारीले पाच रुपये, तुह्याले दहा. चाल, काढ." बाया हसल्या. मी रडत रडत हसले आणि दहा रुपये काढून दिले.

दुसऱ्या दिवशी एसटीने गडचिरोलीला गेले. सरांचं घर विचारत विचारत सापडलं. पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या टबात मासे होते आणि दारात एक जुनी सायकल. सर जरा म्हातारे वाटले. मला वाटलं ओळखणार नाहीत. "या मॅडम," म्हणाले, "वांगी कशी आहेत?"

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं. "ही एक चूक झाली. दुसरी कुठे आहे?"

"कोनती, सर?"

"लिहायला दोन वर्षं लागली ती." त्यांनी पेन्सिल दिली. मी त्यांच्यासमोर बसून लिहिलं: 'लिहायला उशीर केला.' मग मी त्या मुलीचं विचारलं. सर म्हणाले, "तिला मी त्याच दिवशी एसटीत सांगितलं होतं, साबण नव्हता. ती ते केव्हाच विसरली. आता दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते."

मी रुमालाची गाठ सोडली आणि पैसे त्यांच्यासमोर ठेवले. वाटेत मी मनाची तयारी केली होती. मोठी माणसं पैसे परत करतात, म्हणतात राहू द्या बाई, तुम्ही आणले यातच आलं. मग मी आग्रह करीन, ते नाही म्हणतील. काय बोलायचं तेही मी पाठ केलं होतं.

सरांनी पैसे घेतले आणि मोजायला लागले. बोटाला थुंकी लावून, एकेक नोट. आतून त्यांच्या बायको चहाचे कप घेऊन आल्या, तर त्यांना हातानेच थांबवलं. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"दहा कमी आहेत."

मी गटाच्या बैठकीला जाण्याआधी बरोबर मोजले होते. मग आठवलं. "ते गटात दंड भरला, सर. उशिराचा."

"दंड तुमचा," सर म्हणाले. "माझ्या पैशांतून कसा?"

त्यांच्या बायको दारात म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या ना. दहा रुपये."

"तू थांब. हा आमचा हिशेब आहे."

मी पदराची गाठ सोडली. त्यात परतीचं भाडं होतं आणि दहाची एक नोट, बसस्टँडवर चहा आणि भजी घेईन म्हणून ठेवलेली. मी ती नोट काढली. लाज वाटली नाही. आजवर कोणी माझ्याकडून पूर्ण पैसे मागितले नव्हते. सगळे म्हणायचे, जाऊ द्या, बिचारी आहे.

सरांनी नोट उजेडाकडे धरून पाहिली, बाकीच्या नोटांवर ठेवली आणि गठ्ठा जमिनीवर ठोकून सारखा केला. मग वही ओढून माझ्या दोन ओळींखाली लिहिलं, 'रुपये बत्तीसशे, पूर्ण मिळाले', आणि बायकोला म्हणाले, "आता आण चहा."